दोन लाखांच्या कार्डाने बारा लाखांचं गृहकर्ज कसं अडवलं?

वाचकाचं पत्र

मी ३४ वर्षांचा आहे. महापे एमआयडीसीत खासगी कंपनीत नोकरी, हातात ६२ हजार येतात. घणसोलीत भाड्याने राहतो. पत्नी घरीच शिकवण्या घेते. कळव्याला खारेगावच्या बाजूला ४८ लाखांचा रीसेलचा वन बीएचके बघून ठेवलाय. गावची जमीन विकून वडील १३ लाख देतायत, बाकीचं कर्ज काढायचं. पण बँक म्हणते, सिबिल ६९६ आहे आणि कर्ज जेमतेम २६ लाख बसतंय.

माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डं आहेत. एकाची मर्यादा दीड लाख, त्यावर १ लाख ३८ हजार बाकी. दुसऱ्याची ८० हजार, त्यावर ६१ हजार. आईच्या ऑपरेशनला वापरली, नंतर फिटलीच नाहीत. दोन्ही मिळून महिन्याला दहा हजारांच्या आसपास मिनिमम भरतो. दीड वर्षात एकदाही तारीख चुकवलेली नाही, मग सिबिल कमी का? रिपोर्टमध्ये तिसरं एक कार्डही दिसतं. ते ऑगस्ट २०२३ मध्ये फोन करून बंद करायला सांगितलं होतं, तरी त्यावर ३,८७० रुपये थकीत दाखवतात. गेल्या दोन महिन्यांत चार-पाच ठिकाणी कर्जासाठी अर्ज टाकून पाहिले.

मेहुणा म्हणतो, भरणं थांबव, बँक स्वतःहून निम्म्यात सेटलमेंट करते. ठाणे स्टेशनजवळचा एक एजंट आठ हजारांत सिबिल ‘क्लीन’ करून देतो म्हणतो. मोबाइलवर पर्सनल लोनचे मेसेज येतायत. १ लाख ६० हजारांची एफडी आहे, ती घरासाठी राखलेली आहे. एकेक कार्ड बंद करत जाऊ का? दसऱ्याला बुकिंग करायचं मनात आहे.

— एक वाचक, घणसोली

उत्तर

नमस्कार. तुमचं सगळं लक्ष सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांवर आहे, पण बँकेच्या २६ लाखांच्या आकड्यामागे सिबिलपेक्षा हप्त्याचा हिशेब जास्त आहे. आधी तो मांडू, म्हणजे एफडीचं काय करायचं हे आपोआप कळेल.

गृहकर्ज देताना बँक बघते, की हातात येणाऱ्या पगारातला किती भाग सगळ्या हप्त्यांत जाऊ शकतो. बँकेगणिक आकडा बदलतो, तुमच्या पगाराला ५० टक्के धरू. म्हणजे ३१ हजार. आता क्रेडिट कार्डाला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून बऱ्याच बँका कार्डावरच्या बाकीच्या ५ टक्के रक्कम हा मासिक हप्ता समजतात. तुमची एकूण बाकी १ लाख ९९ हजार. त्याचे ५ टक्के, ९,९५०. उरले २१,०५०. साडेआठ टक्के व्याज आणि २५ वर्षं मुदत धरली तर लाखाला ८०५ रुपये हप्ता पडतो. २१,०५० ला ८०५ ने भागा, २६ लाख १४ हजार येतात. बँकेने तुम्हाला सांगितलेला आकडा हाच आहे.

आता कार्डांवर शून्य बाकी आहे असं समजून तोच भागाकार करा. ३१ हजार भागिले ८०५, साडेअडतीस लाख. किमतीचे २० टक्के तुम्ही घालणार असं धरलं, तर फ्लॅटच्या उरलेल्या ८० टक्क्यांचे ३८ लाख ४० हजार होतात, म्हणजे अगदी काठावर का होईना, बसतं. दोन लाखांच्या कार्डबाकीने बारा लाखांहून जास्त कर्ज अडवून ठेवलंय. उद्या सिबिल ७८० झाला आणि बाकी तशीच राहिली, तरी तुम्हाला २६ लाखच मिळतील.

म्हणून एफडी मोडा. घरासाठी राखलेले पैसे मोडायला जीव होत नाही हे समजतं, पण हे पैसे आज घराच्या आड येतायत. एफडीवर वर्षाला साडेसहा टक्के मिळत असतील असं धरू, म्हणजे दहा हजार चारशे रुपये. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज असेल तर वर्षाचे ४२ टक्के झाले, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेएकोणपन्नास टक्के. तेवढ्याच १ लाख ६० हजारांवर वर्षाला ७९ हजार रुपये जातायत. तुमच्या कार्डांचा नेमका दर स्टेटमेंटच्या तळाशी किंवा मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो एकदा बघून घ्या. काही कार्डांना तो पावणेचार टक्केही असतो. पूर्वी ग्राहक आयोगाने या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला, त्यामुळे त्या आशेवर राहू नका.

दीड वर्ष भरूनही बाकी हलत का नाही, तेही याच हिशेबात दिसतं. १ लाख ९९ हजारांवर महिन्याचं व्याज ६,९६५, वर जीएसटी १,२५४. झाले ८,२१९. तुम्ही दहा हजार भरता त्यातले मुद्दलात जातात फक्त पावणेदोन हजार. कार्डावर महिन्याला एखादं पेट्रोल किंवा किराणा झाला की तेवढेही परत चढतात. दीड वर्षात १ लाख ८० हजार भरलेत तुम्ही, आणि बाकी जिथल्या तिथे.

यात अजून एक पाणी मुरतंय. लोकांना वाटतं कार्डावर ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात. ती सवलत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच असते. मिनिमम भरून बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून आजपासून दोन्ही कार्डं कपाटात. आणि मोबाइलमध्ये बघा, यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडलंय का? जोडलेलं असेल तर महाप्याच्या टपरीवर चहाचा क्यूआर स्कॅन करतानाही तुम्ही वर्षाला पन्नास टक्क्यांनी उधारी करत असाल. ते काढून बचत खातं जोडा.

आता सिबिलकडे येऊ. हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. गृहकर्जाला साधारण ७५० च्या वर गेलं की बँका नीट बोलतात. तुमचे ६९६ तीन कारणांनी आहेत आणि तिन्ही तुमच्या पत्रातच आहेत.

पहिलं कारण, मर्यादेच्या किती टक्के वापरलंय. एका कार्डावर ९२ टक्के, दुसऱ्यावर ७६, एकूण साडेशहाऐंशी. बिल वेळेवर भरणं आणि मर्यादा गळ्यापर्यंत वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. तुम्ही पहिल्यात पास आहात, दुसरी तुम्हाला खाली ओढतेय. ३० टक्क्यांच्या आत वापर असावा असा व्यवहारातला संकेत आहे. तो काही कायदा नाही, २९ वर स्वर्ग आणि ३१ वर नरक असं काही होत नाही, पण ८६ वर मार बसतोच.

आणि हे मोजतात कधी, तेही जाणून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून निदान दोनदा, ठरलेल्या तारखांची स्थिती सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्यांना कळवावी लागते. त्या दिवशी जी बाकी असेल तीच रिपोर्टमध्ये उमटते, तुम्ही पाच दिवसांनी सगळं भरणार असलात तरी. त्यामुळे दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्या माणसाचाही वापर कागदावर ८० टक्के दिसू शकतो. गृहकर्जाच्या अर्जाआधीचे दोन महिने कार्ड वापरलंच, तर बिल यायची वाट न बघता आधीच भरून टाका.

दुसरं कारण, ते तिसरं कार्ड. माझ्या मते सिबिलचा सर्वांत मोठा खड्डा इथेच आहे. तुम्ही म्हणता दीड वर्षात एकदाही चुकलो नाही. रिपोर्टला तसं वाटत नाही. रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली गेल्या ३६ महिन्यांची चौकटींची पट्टी असते. त्यात ०००, किंवा एसटीडी असं लिहिलेलं असेल तर ठीक. ०३०, ०६०, ०९० असे आकडे असतील तर त्या महिन्यात तितके दिवस थकीत होतात. त्या कार्डाखाली बहुधा वार्षिक फी लागली, ती न भरल्याने लेट फी, त्यावर व्याज, त्यावर जीएसटी, असं करत ३,८७० झालं असणार, आणि चौकटींत आकडे वाढत गेले असणार. कार्डाची मिनिमम रक्कम देय तारखेपासून ९० दिवस आली नाही की ते खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं. रक्कम ३,८७० आहे की ३ लाख, याने बुडीत शेऱ्यात फरक पडत नाही.

इथे घाईने ३,८७० भरून मोकळे होऊ नका. भरलेत तर थकबाकी शून्य होईल, पण मागच्या चौकटी तशाच राहतील आणि फी योग्यच होती असं तुम्ही मान्य केल्यासारखं होईल. आधी २०२३ चा पुरावा शोधा. फोनवर विनंती केलीत तेव्हा आलेला तक्रार क्रमांक, एसएमएस, ईमेल, काहीही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी काही नसेल, तर बँकेला ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा नियम लिहून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. मागण्या तीन. बंद करायला सांगितल्यानंतर लावलेली सगळी फी आणि व्याज रद्द करा. खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवा. विनंतीनंतरच्या थकीत दिवसांच्या नोंदी दुरुस्त करा आणि नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र द्या. ‘सेटल्ड’ असा शेरा देऊ केला तर घेऊ नका. पुरावा काहीच सापडला नाही, तर मात्र फी माफीची विनंती करा, उरलेलं भरा, कार्ड लेखी बंद करून घ्या आणि नो ड्यूज पत्र घ्या. हातात फार वेळ नाही.

त्याच दिवशी सिबिलच्या वेबसाइटवर त्या खात्याची तक्रार नोंदवा. फुकट असतं. देशात चार क्रेडिट कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळतो. चारही काढा. तुमची बँक कोणता बघेल सांगता येत नाही, आणि चूक एकात दुरुस्त होऊन दुसऱ्यात तशीच राहिलेली असते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर उतरत नाही. रिपोर्ट उघडलाच आहे तर जामिनाच्या नोंदीही तपासा. गावाकडे कुणा नातेवाइकाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केलेली असते, तो हप्ते चुकवतो आणि डाग तुमच्या रिपोर्टवर पडतो.

तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करा. वकील लागत नाही, फी नाही, आणि क्रेडिट कंपन्यांविरुद्धची तक्रारही तिथे चालते. ठाणे स्टेशनजवळचा तो एजंट आठ हजार घेऊन याहून वेगळं काही करू शकत नाही. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, खोटी नोंद तुम्ही फुकट काढू शकता. वर त्याला तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी द्यावा लागेल, तो धोका वेगळाच.

तिसरं कारण, ते चार-पाच अर्ज. तुम्ही अर्ज टाकलात की बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद राहते. दोन महिन्यांत अशा पाच नोंदी दिसल्या की पुढची बँक समजते, या माणसाची पैशासाठी धावाधाव चाललीय आणि बाकीच्यांनी नाकारलंय. एजंटमार्फत फाइल दिली असेल तर त्याने एकच फाइल तीन बँकांत फिरवलेली असू शकते. तारखा आणि नावं रिपोर्टच्या शेवटी असतात, जुळवून बघा. आता पुढचे सहा महिने एकही अर्ज नाही. ‘तुमची पात्रता तपासा’ अशा लिंकवर बोट ठेवणंही नको.

पैसे कुठे भरायचे ते आता. १ लाख ६० हजारांतून आधी मोठं कार्ड पूर्ण फेडा, १ लाख ३८ हजार. थोडं इकडे थोडं तिकडे करू नका, कारण एक कार्ड शून्यावर आलं की तिथला व्याजाचा नळ बंद होतो. मात्र लगेच हुश्श करू नका. स्टेटमेंट समजा ५ तारखेचं आहे आणि तुम्ही २० तारखेला भरलेत, तर मधल्या १५ दिवसांचं व्याज त्या स्टेटमेंटमध्ये नव्हतंच. ते पुढच्या महिन्यात येतं, तुमच्या बाबतीत जीएसटी धरून २,८०० च्या आसपास. कार्ड फिटलं म्हणून पुढचं बिल न उघडणारे इथेच अडकतात आणि चांगल्या पट्टीत ०३० चा डाग लागतो. म्हणून तीन हजार बाजूला ठेवा आणि ‘बाकी शून्य’ असं स्टेटमेंट हातात येईपर्यंत बिलं बघत राहा.

उरलेले १९ हजार दुसऱ्या कार्डात भरा. तिथे ४२ हजार राहतील. आजवर दोन्हीला मिळून जे दहा हजार जात होते ते आता एकट्या या कार्डात टाका. महिन्याला जीएसटीसकट ४.१३ टक्के व्याज धरूनही पाचव्या महिन्यात सात हजारांच्या शेवटच्या भरण्यात ते संपतं. बँकेने या ४२ हजारांचे सहा महिन्यांचे हप्ते १५-१६ टक्क्यांनी करून दिले तर प्रोसेसिंग फी धरून दोनेक हजार वाचतील, फोन करून विचारा. त्या हप्त्यांची रक्कम दर बिलाच्या मिनिममात येते, ती पूर्ण भरायची. ऑटो डेबिट लावला असेल तर सेटिंग उघडा. बहुतेकांचा तो ‘मिनिमम’वर लावलेला असतो. कार्डं शून्य झाल्यावर तो ‘टोटल अमाउंट’वर न्या.

भरताना देय तारखेच्या तीन दिवस आधी भरा. थकीत तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच बँकेने ते क्रेडिट कंपनीला कळवायचं असा नियम आहे. ती उसंत अपघातासाठी असते. आणि तीन दिवस उलटून लेट फी लागली तर ती देय तारखेपासूनच मोजतात.

मेहुण्यांचा सल्ला ऐकलात तर आगीतून फुफाट्यात जाल. सेटलमेंट चालू खात्याला मिळत नाही, त्यासाठी आधी महिनोन्‌महिने थकवावं लागतं. म्हणजे आज दोन कार्डांवर जी स्वच्छ पट्टी आहे ती तुम्हीच आपल्या हाताने काळी करायची. निम्म्यात मिटलं तरी रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, म्हणजे बँकेचं नुकसान करून सुटलेला. असा इतिहास सात वर्षं तरी रिपोर्टमध्ये राहतो आणि गृहकर्जाच्या टेबलावर तो पाहिला की फाइल परत येते. शिवाय एफडी त्याच बँकेत असेल तर बँक ती परस्पर वळती करून घेऊ शकते. वसुलीचे फोन सुरू होतील ते वेगळंच, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा वसुलीवाल्यांना नसली तरी. सेटलमेंट हा नोकरी गेलेल्या, खरोखर भरूच न शकणाऱ्या माणसाचा मार्ग आहे. तुम्ही महिन्याला दहा हजार भरताय.

पर्सनल लोन व्याजाला स्वस्त आहे, हे खरं. पण दोन लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता ६,८३५, आणि तो बँक पूर्ण धरणार. गृहकर्जातले साडेआठ लाख पुन्हा कमी. एफडी नसती तर हाच सल्ला दिला असता, तुमच्याकडे ती आहे. कंपनीच्या पतपेढीचं कर्जही तसंच. ते सिबिलमध्ये दिसेलच असं नाही, पण पगाराच्या स्लिपवर कपात छापलेली असते आणि बँक स्लिप बघतेच.

कार्ड बंद करण्याची घाई करू नका. मोठं कार्ड फेडून उघडं ठेवलंत तर ४२ हजार बाकी एकूण २ लाख ३० हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे १८ टक्के. तेच कार्ड रागाने बंद केलंत तर तीच बाकी ८० हजारांवर, साडेबावन्न टक्के. कर्ज हातात पडेपर्यंत दोन्ही राहू द्या. नंतर वार्षिक फी जास्त असलेलं बंद करा, पण लेखी, आणि नो ड्यूज पत्र घेऊनच.

दसरा सोडा, गुढीपाडवा धरा. पाच-सहा महिने फेडायला, त्यानंतर नोंदी बसायला महिनाभर. तोपर्यंत विकणाऱ्याला बयाणा देऊ नका. कर्ज मंजूर व्हायच्या आधी दिलेला बयाणा बुडाल्याची उदाहरणं ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. द्यावाच लागला तर ‘कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत’ हे कागदावर लिहून घ्या. त्याच भेटीत इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र मागा. कळव्यात ते नसलेल्या इमारती आहेत, आणि तिथे सिबिल ८०० असलं तरी बहुतेक बँका कर्ज देत नाहीत.

पैशांची तोंडमिळवणीही करून ठेवा. ४८ लाखांचे २० टक्के ९ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ३ लाख ३६ हजार, नोंदणी ३० हजार. हे दोन्ही खर्च बँक कर्जात धरत नाही. एकूण १३ लाख २६ हजार. वडिलांचे १३ लाख आहेत, वर दलाली आणि सोसायटीचं हस्तांतर शुल्क. एफडी गेल्यावर ओढाताण होईल, पण कार्डाचे दहा हजार सुटले की दोन-तीन महिन्यांत थोडीफार भर पडेल. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ४८ हजार. कर्जात तुम्ही दोघं अर्जदार राहायचं. घरात पटत असेल तर बँकेला विचारून बघा.

सिबिल सुधारल्याचा फायदा व्याजदरात दिसेल. बँका स्कोअरप्रमाणे दर ठेवतात. समजा साडेआठऐवजी नऊ टक्के लागले, तर ३८ लाखांवर २५ वर्षांत महिन्याला १,२९० रुपये, एकूण ३ लाख ८७ हजार जास्त. अर्ज एकाच बँकेत टाका, शक्यतो जिथे पगार जमा होतो तिथे. फाइलसोबत दोन्ही कार्डांची शून्य बाकीची स्टेटमेंट आणि तिसऱ्या कार्डाचं नो ड्यूज पत्र स्वतःहून लावा. रिपोर्टमध्ये नोंद यायला उशीर झाला असेल तर अधिकाऱ्याला कागद उपयोगी पडतो.

कर्ज मंजूर झाल्याचं पत्र आल्यावर लोक फ्रिज, सोफा, मॉड्युलर किचन बघायला निघतात आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ कार्डावर घेऊन टाकतात. मंजुरी आणि प्रत्यक्ष धनादेश यांच्यामध्ये कित्येक बँका रिपोर्ट पुन्हा काढतात. तुमचा हिशेब साडेअडतीस लाखांवर काठावर आहे. चार हजारांचा एक नवा हप्ता दिसला तर त्यातले पाच लाख जातील. धनादेश विकणाऱ्याच्या खात्यात जमा होईपर्यंत जुना फ्रिज चालू द्या.